चढावरची गाडी व सुटलेली तार

आमचें लासलगांव सपाट मुलखांत वसलेलें आहे. कांद्यानें भरलेली गाडी बाजार-समितीच्या आवारांत नेतांना चाक मागें सरेल अशी धास्ती येथें सहसा कोणास वाटत नाहीं. परंतु माझ्या लहानपणीं शेतावरून गांवांत येणाऱ्या वाटेवर एक ओढा लागे, व भरली बैलगाडी त्या ओढ्याचा चढ चढूं लागली म्हणजे घरांतील एका मुलास गाडीमागें चालावें लागे. त्याच्या हातांत एक ओबडधोबड दगड असे. बैल दम घेण्यास थांबले, कीं त्यानें तो दगड चाकामागें सारावयाचा. यास आम्ही उटी लावणें म्हणत असूं. काम क्षुल्लक, परंतु त्या मुलाचें लक्ष चुकलें तर गाडी, बैल व तो स्वतः अशा सर्वांवरच संकट यावयाचें. तो मुलगा मी होतों. म्हणून आज साठी ओलांडल्यावरही चढावर थांबलेलें वाहन दिसलें, कीं माझी नजर प्रथम त्याच्या मागच्या चाकाकडे जाते.

गेल्या वर्षीं अमेरिकेंतील पिट्सबर्ग शहरीं माझ्या पुतण्याच्या घरीं तीन महिने राहण्याचा योग आला. तेथें घडलेला एक प्रसंग, व त्या निमित्तानें समजलेली एक यंत्रयुक्ति, यांची हकीकत या महिन्यांत वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. आपल्यापैकीं पुष्कळांचीं मुलें व नातवंडें आज परदेशीं आहेत, आणि येथेंही घरोघरीं मोटार आलेली आहे. तेव्हां हा विषय केवळ कारागिरांचा आहे असें कोणीं समजूं नये.

ॲलेघेनी व मोनोंगाहेला या दोन नद्या मिळून जेथें ओहायो नदी होते, त्या संगमाभोंवतीं पिट्सबर्ग वसलें आहे. संगम म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें विस्तीर्ण वाळवंट व घाट उभे राहतात. तेथें मात्र मैदान थोडें व टेकड्या फार. बीचव्ह्यू नांवाच्या भागांत कॅन्टन ॲव्हेन्यू म्हणून एक लहानसा रस्ता आहे, त्याचा चढ शेंकडा ३७ सांगतात. म्हणजे शंभर फूट आडवें जावें तों सदतीस फूट वर चढावें. गंमत अशी, कीं आपल्या कसाऱ्याच्या थळ घाटांतील लोहमार्गाचा चढही ३७ याच आंकड्यानें सांगतात. परंतु तो सदतिसांत एक असा आहे. एवढ्या चढासाठींही कसाऱ्यास गाडीला मागून जोर देणारीं जादा एंजिनें लावावीं लागतात. यावरून तेथील रस्त्यांची कल्पना वाचकांनीं करावी.

थोडा हिशेबही करून पाहूं. तेरा क्विंटल वजनाची मोटार एकोणीस फुटांत एक फूट अशा साध्या चढावर उभी असली, तर तिला मागें ओढणारा जोर सुमारें अडुसष्ट किलोंचा असतो. तीच मोटार कॅन्टन ॲव्हेन्यूवर उभी केली तर तो जोर सुमारें साडेचार क्विंटल होतो. कांद्याच्या पोत्यांशीं ज्यांचा संबंध येतो त्यांस हें वजन निराळें समजावून सांगावयास नको.

आतां प्रसंगाकडे वळतों. पुतण्यानें सूनबाईसाठीं गेल्या शतकांतील एक जुनी सुबारू गाडी विकत घेतली होती. चारही चाकांस एंजिनाचा जोर मिळत असल्यामुळें बर्फांत ही गाडी बरी पडते. गिअर हातानें बदलावयाचे, म्हणून ब्रेक, क्लच व ॲक्सिलरेटर असे तीन पेडल. एका रविवारीं आम्ही सर्व पेन हिल्स येथील श्रीव्यंकटेश्वराच्या दर्शनास निघालों. सूनबाई गाडी चालवीत होती. मागच्या आसनावर मी व माझ्या शेजारीं दोन वर्षांची नात. चढाच्या ऐन मध्यावर दिवा तांबडा झाला व गाडी थांबली. पुढें हिरवा दिवा होतांच सूनबाईनें ब्रेकवरील पाय उचलून ॲक्सिलरेटरवर नेला, आणि तेवढ्या क्षणांत गाडी मागें घसरली. मागें एका वृद्ध दांपत्याची गाडी उभी होती. त्या गाडीपासून हातभर अंतरावर सूनबाईचा पाय पुन्हां ब्रेकवर पडला म्हणून निभावलें. नात दचकून रडूं लागली. माझे हात नकळत आसनाखालीं कांहीं शोधूं लागले होते. जणूं तेथें तो जुना दगड ठेवलेला असावा!

पुतण्या रागावून म्हणाला, “क्लच सोडण्याचा अंदाज तुला अजून कसा येत नाहीं? ही तिसरी वेळ आहे.”

मींही वडीलकीच्या अधिकारानें भर घातली, “चढावर चित्त ठिकाणावर असावें, बाई.”

ती एवढेंच म्हणाली, “काका, पूर्वीं असें होत नसे.”

तिच्या या वाक्याकडे आम्हां दोघांपैकीं एकानेंही लक्ष दिलें नाहीं. दुसऱ्या दिवसापासून तिनें गाडीची किल्ली भिंतीवरच्या खुंटीस लावून ठेवली, व दोन ठिकाणीं बस बदलून ती कामावर जाऊं लागली. पहाटे अंधारांत निघावयाचें व रात्रीं उशिरां यावयाचें. नातीस पाळणाघरांतून आणण्यास पुतण्याची धांवपळ होऊं लागली. घरांत कोणी कोणास बोलत नव्हतें. परंतु जेवतांना भांड्यांचा आवाज ऐकूं येऊं लागला, कीं शांतता किती दाट झाली आहे तें समजतें.

असे पंधरा दिवस गेले. एके दिवशीं दुपारीं मला तिचें तें वाक्य आठवलें. चाळीस वर्षें वर्गावर शिकविलें, आणि विद्यार्थी ‘पूर्वीं असें होत नसे’ असें म्हणाला तर ‘पूर्वीं म्हणजे केव्हांपर्यंत?’ हा प्रश्न मास्तरानें विचारावयाचा असतो, हें मी स्वतःच्या घरांत विसरलों होतों! संध्याकाळीं ती आल्यावर मीं तो प्रश्न विचारला. ती म्हणाली, “तीन महिन्यांपूर्वीं क्लच बदलून आणला, तोंपर्यंत. त्याआधीं चढावर क्लच दाबून ठेवला, कीं ब्रेकवरचा पाय काढला तरी गाडी जागची हालत नसे. मी यांना सांगितलें, पण असें कोणत्याही गाडींत होत नाहीं म्हणाले.”

पुतण्या ही गाडी क्वचितच चालवी. त्यास हा अनुभव नव्हता. मीं गाडीच्या खणांतील माहितीपुस्तक काढलें व चष्मा लावून पानन् पान वाचलें. अर्ध्या तासांत उत्तर सांपडलें. सूनबाईचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. त्या गाडीस हिल-होल्डर नांवाची योजना होती.

ही कल्पना नवी नाहीं. अमेरिकेंतील वॅग्नर इलेक्ट्रिक या कंपनीनें ती काढली, व १९३६ सालीं स्टुडबेकर कंपनीच्या प्रेसिडेंट नांवाच्या मोटारींत ती प्रथम मिळूं लागली. मूळ अडचण साधी आहे. पेडल तीन, पाय दोन. चढावरून निघतांना एक पाय क्लचवर हवा, दुसरा ॲक्सिलरेटरवर हवा. मग ब्रेक कोणीं धरावा? आपल्याकडील अँबॅसेडर व प्रीमियर पद्मिनी या गाड्यांत हें काम हँडब्रेकनें, म्हणजे हातानें करावें लागे. हिल-होल्डर हा जणूं तिसरा पाय होय. किंवा माझ्या भाषेंत बोलावयाचें तर, गाडीमागें दगड घेऊन चालणारा मुलगा होय.

त्याची रचना अशी. ब्रेकचें पेडल दाबलें म्हणजे नळींतील ब्रेक-ऑइलवर दाब येतो व तो दाब चाकांपर्यंत पोंचून चाकें धरलीं जातात. या वाटेवर एक लहानशी झडप बसविलेली असते व तिच्यांत एक गोळी मोकळी असते. गाडी सपाटीवर असतां ती गोळी वाटेंत येत नाहीं. गाडीचें तोंड वर झालें, म्हणजे गोळी स्वतःच्या भारानें मागें घरंगळते व छिद्राच्या तोंडापाशीं येते. परंतु तिला तेथें बसूं द्यावयाचें कीं नाहीं, हें ठरविणारा एक दांडा असतो, व तो दांडा एका तारेनें क्लचच्या तरफेस जोडलेला असतो. क्लच दाबला, कीं तार ओढली जाऊन दांडा बाजूस होतो. गोळी छिद्रावर बसते. ब्रेकवरील पाय काढला तरी दाबलेलें ऑइल परत फिरूं शकत नाहीं व चाकें धरलेलीं राहतात. क्लच सोडूं लागलें, कीं तार सैल होते, स्प्रिंगच्या जोरानें दांडा गोळीस हलवितो, दाब उतरतो, व त्याच क्षणीं एंजिनाचा जोर चाकांस मिळून गाडी पुढें निघते. पृथ्वीचें गुरुत्वाकर्षण, एक गोळी व एक तार. वीज नाहीं, कांहीं नाहीं. या साधेपणाचें मला फार कौतुक वाटलें.

तारही कांहीं अपूर्व नव्हे. आपल्या सायकलच्या ब्रेकला जी असते त्याच जातीची; बाहेर वेटोळ्याचें कवच व आंत पिळाची तार. बाउडन नांवाच्या गृहस्थानें १८९६ सालीं हिचें पेटंट घेतलें, म्हणून तिला बाउडन केबल म्हणतात.

दुसऱ्या दिवशीं पुतण्यानें बॉनेट उघडलें. शोधतां शोधतां ती तार सांपडली. एक टोंक झडपेच्या तरफेस होतें. दुसरें, जें क्लचच्या तरफेस असावयाचें, तें तेथें नव्हतें. कोणीं तरी तें प्लॅस्टिकच्या पट्टीनें शेजारच्या नळीस बांधून ठेवलें होतें! क्लच बदलतांना ही तार सोडावीच लागते. ज्या गॅरेजांत तें काम झालें, तेथील कारागिरानें ती परत जोडली नाहीं. जोडल्यावर तिचा ताण नीट लावण्यास वेळ लागतो, म्हणून तो टाळला असावा. टाळला तो टाळला. परंतु ‘मी तार सोडून ठेवली आहे’ एवढें वाक्य त्यानें सांगावयास हवें होतें. तार सुटली असतां स्प्रिंग झडप मोकळी ठेवते, त्यामुळें साधा ब्रेक पूर्ववत् चालतो व दोषाची खूण कोठेंच दिसत नाहीं. ती दिसते फक्त चढावर, आणि तीही गाडी चालविणाराची चूक म्हणून!

तार पुन्हां जोडण्याचें काम आम्हीं कसें केलें, तें क्रमानें सांगतों.

(१) गाडी सपाट जागीं, एंजिन बंद व थंड असतां उभी केली. हँडब्रेक ओढला व चाकांस पुढून-मागून ठोकळे लावले. तें काम अर्थात् माझें.

(२) तार साफ करून बोटांनीं चांचपून पाहिली. पिळांतील धागे तुटलेले असले, गंज चढला असला, किंवा कवच चिरलें असलें, तर जुनी तार जोडूं नये, नवी घ्यावी. आमची तार शाबूत होती.

(३) प्रथम क्लचच्या पेडलाची मोकळीक माहितीपुस्तकांत दिल्याप्रमाणें आहे कीं नाहीं तें तपासलें. ही तार क्लचच्या तरफेवर अवलंबून असल्यामुळें, क्लच नीट लावल्यावांचून हिच्या ताणास अर्थ नाहीं. पाया आधीं, भिंत मागाहून.

(४) तार तिच्या मूळच्या वाटेनें नेली. कोठें तीव्र वळण पडूं दिलें नाहीं, व धुराच्या तापणाऱ्या नळापासून ती दूर ठेवली. मग सुटलेलें टोंक क्लचच्या तरफेवर अडकवून दोन्ही टोंकांस थोडें ग्रीस लावलें. परत ओढणारी स्प्रिंग गंजून अडकली नाहीं ना, हेंही पाहिलें. ती अडकली तर झडप सुटावयाची नाहीं.

(५) सूनबाईनें आंत बसून क्लच दाबावा व सोडावा, आणि पुतण्यानें झडपेची तरफ पूर्ण पुढें जाऊन पूर्ण परत येते कीं नाहीं तें पाहावें, असें दहा वेळां केलें. ताण कमी-जास्त करण्यास तारेच्या टोंकास एक नट असतो. नट फिरवितांना तार स्वतः पिळली जाणार नाहीं अशी ती दुसऱ्या हातानें धरावी लागते.

(६) शेवटीं परीक्षा. ती सपाटीवर होत नाहीं; निदान तीन अंशांचा, म्हणजे सुमारें एकोणिसांत एक असा चढ लागतो. आम्हीं भर दुपारची, वर्दळ नसलेली जागा निवडली. ब्रेकनें गाडी थांबवावी, क्लच पुरता दाबावा, ब्रेकवरील पाय उचलून जवळच तयार ठेवावा. गाडी उभी राहिली तर पुढें क्लच हळूहळू सोडून निघावें. निघण्यापूर्वीं गाडी किंचित् मागें सरली, तर झडप लवकर सुटते आहे असें समजून नट आंवळावा. निघतांना गाडी अडखळली किंवा एंजिन बंद पडूं लागलें, तर झडप उशिरां सुटते आहे असें समजून नट थोडाथोडा सैल करावा. उत्तम रीत ही, कीं प्रथम थोडा जास्त आंवळावा, व मग गाडी सहज निघेपर्यंत क्रमाक्रमानें सैल करीत यावें.

आमची गाडी पहिल्या खेपेस मागें सरली, दुसऱ्या खेपेस एंजिन बंद पडलें, व पांचव्या खेपेस अशी निघाली, कीं पुढच्या कांचेवर ठेवलेला कागदही हालला नाहीं. पांचही वेळां गाडी सूनबाईनेंच चालविली. दोष तिच्यावर ठेवला गेला होता. परीक्षाही तिच्याच हातून व्हावी हें योग्य होतें. पुतण्या खालीं रस्त्यावर उभा होता. ती उतरल्यावर तो म्हणाला, “तूं सांगत होतीस तेंच खरें होतें. मीं ऐकून घ्यावयास हवें होतें.” माझीही कबुली द्यावयाची होती, ती मीं नातीस कडेवर घेऊन, तिच्या आईच्या समक्ष दिली. किल्ली खुंटीवरून निघाली, व दुसऱ्या दिवशीं सकाळीं मुलगी आईबरोबर पाळणाघरास गेली.

येथें थोड्या सावधगिरीच्या गोष्टी सांगणें अवश्य आहे. हिल-होल्डर हा क्षणभराचा आधार आहे. तो हँडब्रेक नव्हे. क्लचवरील पाय काढला, कीं तो सुटलाच. म्हणून गाडी सोडून जातांना हँडब्रेक ओढलाच पाहिजे. गाडीचें तोंड उतारास असेल, किंवा चढ अगदींच थोडा असेल, तर ही झडप काम करीत नाहीं. तार जोडल्यावर सपाटीवरही ब्रेक घासत असल्याचें जाणवलें, तर गाडी तत्काळ थांबवून नट सैल करावा. घासणारा ब्रेक तापून निकामी होतो. आणि तारेचें काम घरीं करतां येईल, परंतु ब्रेक-ऑइलच्या नळ्या उघडण्याचें धाडस घरीं कोणीं करूं नये. त्यांत हवा शिरली तर ब्रेकच जातो. तें काम जाणत्या कारागिराचें.

आपल्याकडील वाचक विचारतील, कीं आमच्या गाडीस ही तार नाहीं, मग आम्हांस याचा उपयोग काय? उपयोग दुहेरी आहे. हल्लींच्या पुष्कळ गाड्यांत हेंच काम विजेच्या योजनेनें होतें. परंतु ती गाडीस थोडेच सेकंद धरते व मग आपोआप सोडते. आपली गाडी किती वेळ धरते, हें घाटांत नव्हे तर आधीं मोकळ्या जागीं पाहून ठेवावें. आणि ज्यांच्या गाडीस कांहींच योजना नाहीं त्यांनीं जुनी रीत नीट शिकावी. हँडब्रेक ओढावा, क्लच हळूहळू सोडावा, एंजिनाचा आवाज जड होऊन गाडीचें नाक किंचित् उचलल्यासारखें वाटलें, कीं हँडब्रेक सोडावा. मात्र तो हँडब्रेकही तारेनेंच ओढला जातो. आम्ही सपाटीवरचे लोक त्याला वर्ष-वर्ष हात लावीत नाहीं. तार सैल होते, गंजते, आणि त्याचा पत्ता मुंबईहून नाशिकास येतांना कसाऱ्याच्या घाटांत, भरल्या मालमोटारीच्या पुढें उभें असतां लागतो. परत आल्यावर मीं प्रथम आमच्या घरच्या गाडीचा हँडब्रेक गांवाबाहेरच्या पुलाच्या चढावर ओढून पाहिला. गाडी सरळ मागें आली! दुसऱ्याच दिवशीं तार बदलून घेतली.

मोठ्या कुटुंबांत अनेक हात गाडी चालवितात, व अनेक हात ती दुरुस्तीस नेतात. म्हणून आमच्या घरीं आतां एक वही ठेवली आहे. गाडीचें काय सोडलें, काय जोडलें, काय बदललें, तें ज्यानें नेली त्यानें त्याच दिवशीं लिहावयाचें. वहींत शेवटचा रकाना आहे: ‘चालविणारास काय निराळें वाटतें?’ हा रकाना भरण्याचा अधिकार घरांतील प्रत्येकास आहे, व तो वाचण्याची जबाबदारी माझी आहे.